रिकाम्या रकान्यात चोपन्न गुण नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
सायंकालीन पदवी विभाग,
महाविद्यालय कार्यालय.

विषय: रकाना क्र. १४ (प्रवेश परीक्षेतील गुण, ऐच्छिक) उशिरा भरून घेणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराचा प्रवेश अर्ज क्र. ११८७.

महोदया,

१. अर्जदार ही त्रेचाळीस वर्षांची असून रुग्णालयाच्या धुलाई विभागात एकोणीस वर्षे चादरींना इस्त्री करते. या परीक्षेचा अभ्यास तिने दोन वर्षे कामावर उभ्यानेच केला. सूत्रांचा कागद ती यंत्राशेजारी चिकटवीत असे. वाफेने शाई ओघळे, म्हणून दर सोमवारी तो नव्याने लिही. परीक्षेच्या दिवशी दारावरचे पर्यवेक्षक तिला म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं." प्रवेशपत्र पाहून ते ओशाळले.

२. निकाल मंगळवारी लागला. शंभरपैकी चोपन्न. धड लपवण्याजोगे नाहीत, धड सांगण्याजोगे नाहीत. शुक्रवारपर्यंत कोणी विचारले नाही. आपल्या अर्जात मात्र विचारले होते, आणि पुढे 'ऐच्छिक' असे छापले होते. काय करावे हे न सुचून तिने परगावी असलेल्या धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, चोपन्न कशाला लिहितेस? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलतो." नंतर बोलणे झाले नाही. अर्जदाराने रकाना कोरा ठेवला.

३. परवा कागदपत्रे देण्यास आली असता खिडकीवरील लिपिकबाई म्हणाल्या, "रकाना कोरा म्हणजे परीक्षा दिलीच नाही, असं आम्ही धरतो. तुमच्याच फायद्याचं आहे." त्या भल्यासाठीच बोलल्या, याबद्दल शंका नाही. अर्जदार "बरं" म्हणाली, बसमध्ये बसली, दोन थांबे गेल्यावर उतरली आणि चालत परत आली. तोवर खिडकी बंद झाली होती. म्हणून हे लेखी.

४. अर्जदाराने परीक्षा दिलेली आहे. पूर्ण तीन तास दिलेली आहे. शेवटचे गणित तिला येत होते, परंतु वेळ पुरला नाही. त्याबद्दल सवलत मागावयाची नाही. चोपन्न लिहिल्याने प्रवेश हुकू शकतो हे ती जाणून आहे. हुकल्यास तक्रार राहणार नाही. फक्त 'दिलीच नाही' असे धरले जाऊ नये. त्या दोन वर्षांचा दुसरा पुरावा कोणापाशीही नाही.

५. जाता जाता आणखी एक. रकाना क्र. १९ (तातडीच्या प्रसंगी कळवावयाची व्यक्ती) यात परगावच्या पत्त्यासह एक नाव लिहून खोडलेले आढळेल. ते नजरचुकीने खोडलेले नाही. त्याबाबत विचारणा करणारे पत्र कृपया पाठवू नये.

चोपन्न गुणांची नोंद झाल्याचे दोन ओळींत कळवल्यास उपकार होतील.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, अर्ज क्र. ११८७

सोबत: गुणपत्रिकेची प्रत (एक).
दिनांक: १२ जून