थर उभे असताना

डोंबिवली, १० ऑगस्ट २०२५
चि. जयेश यास आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. 'रणकंदन'सारखा नावाजलेला बँड सोडून तू स्वतःचा 'खाजण' काढलास, त्यावर दादा म्हणतो, पोरगा हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलाय. काल रणकंदनचा मितेश आला होता. दोन बशा पोहे खाऊन म्हणाला, गणपतीपर्यंत परतला तर जयेशची जागा राखून ठेवू. तुला वाढवलं मी, तेव्हा विचारते. का सोडलंस? खरं लिही.

लोभ आहेच, उत्तर आलं की वाढवीन.
मंजुळाआत्या

ठाणे, १८ ऑगस्ट
ती. आत्यास सा. न.

अगं, रणकंदनमध्ये शेवटी शेवटी स्टेजवर रेकॉर्डिंग लागायचं आणि मी गिटारवर नुसते हात फिरवायचो. लोक नाचायचे, मला लाज वाटायची. म्हणून सोडलं.

परवा घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत हंडीला वाजवत होतो. चार थर लागले आणि आयोजक म्हणाले, रणकंदनचं गाणं वाजव. मी नाही म्हटलं. त्यांनी साउंडच बंद केला. पण थर उभे असताना वाजवणं थांबवायचं नसतं, गोविंदांचा ताल जातो. आमच्या साईनाथने नुसत्या ड्रमवर ताल धरला, मी माइकशिवाय गात राहिलो. थर नीट उतरले, माझा घसा बसला.

नंतर बेसवाला संदेश आणि कीबोर्डवाली सोनल भडकले. एक गाणं वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणाले आणि गेले. दोघांत काही बँड होत नाही. 'खाजण' संपला. तरी मितेशला सांग, मी येणार नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
जयेश

डोंबिवली, २२ ऑगस्ट
चि. जयेश यास आशीर्वाद.

आधी मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.

बँड मोडल्याचं कळताच मितेश पुन्हा आला. या वेळी पोहे केले नाहीत. तुझा निरोप दिला, तर म्हणतो, लोकांना कुठे कळतंय खरं वाजतंय की रेकॉर्ड. मला राग आला, कारण आपल्याकडेही हल्ली गणपतीत आरत्या मोबाईलवर लागतात आणि आम्ही नुसती तोंडं हलवतो. यंदा ते बंद. तुझ्या काकांना तसं बजावलंय, पेटी पुसून ठेवलीय. तू ये, साईनाथलाही आण. मितेशलाही बोलावलंय. म्हटलं, खरं वाजवायचं असेल तर ये, टाळांची एक जोडी तुझ्यासाठी ठेवते.

वाट पाहणारी,
मंजुळाआत्या