दुसऱ्याच्या वहीतल्या कविता

प्रिय गुरुजी,

आज रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळचे सव्वाअकरा वाजलेत. तलासरीच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात शटर अर्धं ओढून मी तुमच्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती खोक्यात भरत होतो. तीन भरल्या आणि पुढे हात चालेना. काल मी डहाणूला हरी तांडेलांकडे जाऊन आलो. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

गुरुजी, मी त्यांच्या कविता तुमच्या नावाने छापल्या.

अंथरुणाला खिळलात तेव्हा निळ्या पुठ्ठ्याची ती वही तुम्ही माझ्या हातात दिलीत. "महेश, हे नीट टाईप कर. पुस्तक काढायचंय. पहिलं पान मात्र मी सांगेन तसं कर, घाई करू नको." अक्षर तुमचंच होतं. दहावी नापास झालेल्या मला दुकानाच्या बाकावर बसवून तुम्हीच ऱ्हस्व-दीर्घ शिकवलंत, मग ते अक्षर मी ओळखणार नाही का? एकेक शब्द तीनदा तपासला. पण पहिलं पान सांगायच्या आधीच तुम्ही गेलात. ते मग मीच केलं. दुसरं कोणाचं नाव टाकणार होतो?

वर्षश्राद्धाला रानशेतला तुमच्या घरी आलेल्या सगळ्यांना प्रती वाटल्या. तुमचा पुतण्या जेवणाच्या पंगतीत सांगत होता, "काकांनी दर्यावर काय लिहिलंय बघा!" तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं! होडीत पाय ठेवला की तुम्हाला मळमळायचं. जाळ्यांवर, ओहोटीवर, खोल पाण्यातल्या रात्रींवर तुम्ही कशा लिहाल चाळीस कविता? आणि मी वेलांट्या मोजत बसलो होतो.

हरी तांडेलांचं नाव तुम्ही एकदाच घेतलं होतंत. "डहाणूत एकच खरा कवी होता. तो माझ्याशी बोलत नाही." म्हटलं, जुना मित्र आहे, एक प्रत नेऊन द्यावी.

ते ओट्यावर बसले होते. समोर बोंबील वाळत होते आणि सून कावळे हाकत होती. तिने ओरडून सांगितलं, "मामा, रानशेतच्या मास्तरांचं पुस्तक आणलंय या पोराने!"

"मास्तर मेला ना? मेल्यावर कसलं पुस्तक काढतो?"

त्यांना आता दिसत नाही, म्हणून मी वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांचे ओठ माझ्या पुढे चालायला लागले. मी पुस्तक मिटलं. ते मात्र कविता पुरी करूनच थांबले.

"वर नाव कोणाचं?"

मी तुमचं नाव सांगितलं. ते हसले. "साठ वर्षांपूर्वी एकदा, आता मेल्यावर परत! लय चिवट रे तुझा मास्तर."

मग त्यांनीच मला तुमच्या तरुणपणीच्या कवितांच्या बैठकीचा नियम सांगितला. आपली कविता आपण वाचायची नाही. ती दुसऱ्याला द्यायची, त्याने आपल्या अक्षरात, आपल्या वहीत उतरवायची आणि त्यानेच वाचायची. स्वतःजवळ कागद ठेवायचा नाही. म्हणजे कोणाला मिजास चढणार नाही! त्यांच्या कविता तुमच्या वहीत, तुमच्या त्यांच्या वहीत. गुरुजी, इतकं मोठं गुपित, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?

पुढचंही त्यांनीच सांगितलं. मुंबईहून एका मासिकाचे संपादक बैठकीला आले. तुम्ही हरीभाऊंची कविता वाचलीत, आणि ती संपादकांनी तुमचीच समजून तुमच्या नावाने छापली. तुम्ही दोन महिने गप्प राहिलात.

"चूक त्या संपादकाची, ते मला कळत होतं," हरीभाऊ म्हणाले. "पण हा दोन महिने शाबासक्या घेत फिरला. मग आला दारात. मी दार नाय उघडलं."

का गप्प बसलात? मोह पडला होता का? मी तुम्हाला दोष द्यायला कोण! पण तेव्हाच बोलला असतात, तर मी तुमचीच चूक पुन्हा केली नसती. आता कळतं, पहिल्या पानावर तुम्ही त्यांचंच नाव घालणार होतात. त्यासाठीच ती वही इतकी वर्षं जपलीत ना? आणि मी काय करून ठेवलं!

मी भीत भीत विचारलं, "काका, तुमच्या वहीत गुरुजींच्या कविता असतील ना?"

"होत्या. मासिक आलं त्याच दिवशी वही भरतीत फेकली."

"एखादी आठवते? एखादी ओळ तरी?"

त्यांनी मान खाली घातली. बोट मांडीवर ठेका धरत होतं. सुनेने चहा आणला, तो निवला. शेवटी म्हणाले, "चाल आठवते रे. शब्द नाय येत. चांगलं लिहायचा मेला." आणि तोंड फिरवून बसले.

म्हणजे तुमचं काहीच उरलं नाही, गुरुजी. तुमच्या पुतण्याला फोन केला, पेटी बघायला लावली. पेटीत शाळेचे दाखले आणि दोन चष्मे. बैठकीतलं आणखी कोणी हयात नाही. वरून, ज्यांनी पुस्तक वाचलं ते तुम्हाला थोर कवी समजतात, आणि मी खरं सांगितलं की चोर समजतील. चोर नव्हतात हे मी कोणत्या कागदाने दाखवू?

तरी सांगणार आहे. वाटलेली प्रत्येक प्रत घरोघरी जाऊन परत आणीन, तुमच्या पुतण्याच्या शिव्या खाईन. नवं पहिलं पान लावीन : कविता हरी तांडेल यांच्या, वहीत उतरवून जपल्या रघुनाथ मास्तरांनी. तुमच्या कवितांसाठी मागे दोन पानं कोरी सोडावीत असं मनात आलं होतं. सोडणार नाही. कोऱ्या पानावर कोणीतरी काहीतरी लिहितं, आणि ते तुमचं नसेल. यापुढे जी ओळ तुमची नाही ती तुमच्या नावावर मी चढू देणार नाही, मग तुमच्या नावावर एकही ओळ राहिली नाही तरी.

तुमचा अपराधी विद्यार्थी,
महेश
तलासरी