ओवाळून टाकलेला तुकडा

आई, मागच्या आठवड्यात तुझ्या घरी जाऊन आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की 'तुझ्या घरी' असं लिहितानाच हात अडला. हिशेबाच्या वहीचं मागचं पान कोरं होतं, वेगळा कागद कशाला, म्हणून त्यावरच लिहिते आहे. देवापुढचा दिवा तेवतोय तोवर जेवढं होईल तेवढं.

दादानं घर आणि खालची खाचरं विकली, ते तू गेल्यानंतर. घेणारे पुण्याचे. त्यांनी घर पाडलं नाही. भिंती नीट लिंपून घेतल्या, तुझी चूल, जातं, पाट सगळं जागच्या जागी ठेवलं, भोवती तारांचं कुंपण घातलं, आणि आता तिथं लोक पैसे भरून गावाकडचं जेवण जेवायला येतात. मुलगा म्हणाला, "आई, चल, तुझ्या माहेरी जेवायला जाऊ." त्याचं मन मोडवेना. भोरवरून निघालो, नसरापूर मागं पडलं, मार्गासनीच्या पुढं गाडी आपल्या गावच्या वाटेला वळली, आणि मला वाटायला लागलं की तू शेजारी येऊन बसली आहेस. तुझ्या पदराला चुलीच्या धुराचा वास असायचा ना, तोच वास. गाडीची काच उघडी होती, वारा भणाणत होता, तरी वास हलत नव्हता. मी भ्यायले नाही. मनात म्हटलं, चल, तुलाही आत नेते. दोघी मिळून तुझ्या चुलीपुढं घडीभर बसू. त्या दिवशी देवाकडं मी तेवढंच मागितलं होतं.

घराच्या पायरीवर एक विशीतली पोर उभी होती. शिवलेली नऊवारी, नाकात चापाची नथ, हातातल्या ताटलीत भाकरीचे तुकडे आणि पाण्याचा तांब्या. "या पाव्हणं, वाईच थांबा," ती म्हणाली. येईल त्याच्यावरून ती भाकरतुकडा ओवाळत होती आणि लोक हसून मोबाईलवर फोटो काढत होते.

मी लहान असताना आत्या बाळाला घेऊन आली होती, तेव्हा तू असाच तुकडा ओवाळून टाकला होतास. मी तो उचलायला धावले तशी पाठीत धपाटा घातलास. "शिवू नगं त्येला. मानसासंगं वाटंनं जे काय आलं आसंल, त्येचं खानं हाय त्ये. त्यानं भाईरच ऱ्हायाचं." आणि लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, लेक आलीय, तुकडा आन की." तू जागची हलली नाहीस. "तिला कशापायी? ती काय पाव्हणी हाय? तिचं ती पानी घील." मी सरळ आत गेले आणि माठात तांब्या बुडवला. त्या पाण्याची चव अजून तोंडात आहे.

पोरीनं माझ्यावरून तुकडा ओवाळायला सुरुवात केली. मुलगा समोरून फोटो काढत म्हणतो, "आई, हस की जरा." मी "नको गं" म्हणेपर्यंत तुकडा माझ्या खांद्यावरून मागं गेला होता. तो खाली पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. पण वास गेला. गर्दीत कुणी धरलेलं बोट सोडावं, तसा गेला.

"आता या आत," पोर म्हणाली.

तुझ्या चुलीपुढं शेजारच्या त्या काकूंची सून बसली आहे, भाकऱ्या थापते आहे. वहिनी आता पुरत्या पिकल्या. मला बघून हसल्या. "कवा आलीस गं? पाटावर बस, खाली नगं. मालकास्नी चालत न्हाई." मी माठाकडं गेले तर एक वाढपी आडवा आला. "काकू, तुम्ही बसा, पाणी आम्ही देतो." वहिनी खाली बघत म्हणाल्या, "बस गं. आमी तरी कोन? सांज झाली का आमाला बी फाटकातनं भाईर काडत्यात. तू निदान जेवून तरी जानार."

मी हळूच विचारलं, "वहिनी, दारातले ते तुकडे झाडतं कोण?"

त्यांचा हात परातीत थांबला. "कुनीच न्हाई. तारा हाईत, कुत्रं आत येत न्हाई. पाखरू बी शिवत न्हाई त्येला. पर सकाळच्याला अंगनात येक तुकडा दिसत न्हाई."

"मग खातं कोण?"

"चूल तुज्या आईची हाय, बाय. मी निस्ती भाकरी थापते. इचारत न्हाई."

मी पाटावर बसले, ताटात अख्खी भाकरी आली. तू सगळ्यांच्या मागून जेवायला बसायचीस, आणि टोपलीत जो तुकडा उरेल तो घ्यायचीस. कधी अख्खी भाकरी तुझ्या ताटात पाहिल्याचं मला आठवत नाही. निघताना मी अंगणात मागं राहिले. आम्ही जेवत होतो तेवढ्या वेळात किती लोक आत आले असतील, पण जमीन साफ होती. मी म्हटलं, "आई, चल माझ्याबरोबर, भोरला." मुलानं हॉर्न वाजवला. सगळी वाट काच उघडी ठेवून बसले. पेट्रोलचा तेवढा वास येत होता.

त्या दिवसापासून मी दिवेलागणीला एक भाकरी जास्तीची करते. अख्खी. कुणावरून ओवाळलेली नाही. ती गॅसशेजारी झाकून ठेवते आणि दाराची कडी काढून ठेवते. लेकीच्या घरचं तुला चालत नसे. आलीस कधी तर पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचीस, हे मी विसरलेले नाही. पण आता ते धरून बसू नकोस. तुझ्या अंगणात तुला बाहेरचं करून ठेवलंय, त्यापेक्षा माझं स्वयंपाकघर काय वाईट?

दिव्यातलं तेल संपत आलं. हे पत्र टाकायचं कुठं? त्या घरावर आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. वहीतच राहू दे.

एक मात्र सांगते. पहिल्या सकाळी झाकण उचललं तर भाकरी होती तशीच होती. टाकायची कशाला म्हणून चहाबरोबर मीच खाल्ली. पण ती तशीच आहे हे दिसलं ना, तेव्हा आई, तू आली नाहीस म्हणून सगळ्यात आधी मला हायसं वाटलं.