वेगळ्या मीटरची अट

४ नोव्हेंबर
मसुदा ३ सरांना दिला. गावातल्या छोट्या डिजिटल व्यवसायांना वीज शुल्क आणि घरपट्टीत सूट. आमच्या केंद्राने मसुदा करायचा, पुढचं काय ते शासन बघेल. कलम ७, 'सूट कोणाला', माझं. चांगलं जमलंय. (सरांना असं म्हटलं नाही.)
लवळ्याच्या कॅम्पसवरून परत येताना चांदे-नांदे मार्गे. भातकापणी चालू. स्कूटरवर सगळा भुसा.

५ नोव्हेंबर
सरांची पद्धत: कलमात दोन माणसं बसवून बघायची. एक सरळ, एक लबाड. दोघंही खरी, नावगाव असलेली. सरळ आत राहिला पाहिजे, लबाड बाहेर.
लबाड तयारच होता. कोळवणचा फार्महाऊसवाला. ओसरीत एक लॅपटॉप ठेवून पोहण्याच्या तलावाच्या मोटरीसकट अख्खा बंगला 'डिजिटल युनिट' करणार. त्याच्यासाठीच तर मी अट घातली: धंद्याचा वीजमीटर घरापासून वेगळा हवा.
सरळ: सारिका. हिराकाकूंची सून. माणला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने, खालच्या खोलीत सारिका आणि गावातल्या तिघी. हेडफोन लावून खेड्यापाड्यातल्या लोकांची रेकॉर्डिंग ऐकतात आणि टाइप करतात. माझ्यासारखीला निम्मं कळत नाही. त्यांना सगळं कळतं.
ग्रामपंचायतीने त्या खोलीला धंद्याच्या दराने पट्टी लावायची नोटीस दिली आहे. सूट मिळाली नाही तर सारिका मार्चला खोली बंद करणार. तिघी परत आयटी पार्कात साफसफाईला.

६ नोव्हेंबर
सारिका बसत नाही.
मीटर एकच, वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. दुसरा घ्यायचा तर घरावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या. विचारलं तिला.
"ताई, माझं चुलत दीर लग्नाला आलं न्हाईत, मीटरला येत्याल व्हय?"
फार्महाऊसवाल्याला मात्र दुसरा मीटर आठवड्यात मिळेल. म्हणजे लबाड आत, सरळ बाहेर. अट माझी. दोन वर्षं मी त्याच एका मीटरवर राहते आणि हे मला दिसलं नाही.

९ नोव्हेंबर
ताप. काकू जिन्यातून, "खाली ये गं, वर कोन बघनार तुला?" नको म्हटलं. तर पातळ भात वर आला, दोनदा. नवा इंद्रायणी. माझ्याकडे थर्मामीटर आहे हे सांगूनही कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हाय."
१००.८. होता.

१२ नोव्हेंबर
सुटलं. मीटर मोजायचे नाहीत, माणसं मोजायची. त्याच गावात राहणारी किमान तीन माणसं तिथे काम करतात आणि घराचा मंजूर वीजभार मर्यादेत आहे, तर वेगळ्या मीटरची अट नाही. तलावाची मोटर भारात अडकते. तीनदा तपासलं.
सरांनी दोनदा वाचलं. मग, "ही सारिका कुठली?"
"माण."
"तू कुठे राहतेस?"
"माण."
"माणमध्ये कुठे?"
सांगितलं.
हितसंबंध लिहून द्यावा लागणार. दिला की मसुदा ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत कलम ७ वर मला बोलता येणार नाही, केंद्रातला माझा सहकारी पराग मांडणार. पराग हुशार आहे, पण पहिल्या आक्षेपाला माघार घेतो.
दुसरा मार्ग सरांनीच सुचवला. कॅम्पसच्या होस्टेलवर खोली रिकामी आहे. बैठकीआधी तिकडे राहायला गेले तर संबंध संपला. तसं लिहून द्यायचं, कलम मीच मांडायचं.

१४ नोव्हेंबर
आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघरच्या सर्व्हेला आल्या. घरात माणसं किती?
काकू: "सा."
काकू, त्यांचा मुलगा, सारिका, दोन नाती. मी जिन्यातून म्हटलं, पाच. मी भाडेकरू आहे.
काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ल्ह्या वो तुमी सा. भाकरी मी थापते, मला ठावं हाय."
आशाताईंनी सहा लिहिलं.

१६ नोव्हेंबर
होस्टेल पाहिलं. स्वच्छ. टेबल, दोन प्लग, खिडकी. नाकारण्यासारखं काही नाही. येताना किराणा दुकानातून तीन रिकामी खोकी आणली.
काकूंनी जिन्यातच गाठलं. सगळं सांगावं लागलं.
"म्हंजी आमच्यासाठी कायदा करायचा तर आमच्यात ऱ्हायचं न्हाई?"
साधारण तसंच, म्हटलं.
"लई शानी मानसं बसवल्यात तितं." मग स्वयंपाकघरात भांडी लावत, "जायचं तर जा. खोली मी कुनाला देनार न्हाई."
सारिका हेडफोन लावून कामाला बसली. तिने बोलायला हवं होतं. तिचंच सगळं अडकलंय.

२० नोव्हेंबर
फॉर्म. रकाना: 'लाभार्थीशी संबंध'. 'भाडेकरू' लिहिलं. खरं, पण अपुरं. अपुरी व्याख्या ही चुकीची व्याख्या, हे मीच परागला ऐकवत असते.
खोडलं. लिहिलं: या घरात जेवायला सहा माणसं असतात. त्यांतली एक मी.
सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे कायद्याच्या भाषेत बसत नाही."
"माहीत आहे."
सही केली त्यांनी. होस्टेलला नकार कळवला.

२१ नोव्हेंबर
परागला माणला आणलं. कलमातली सरळ बाई त्याने डोळ्यांनी बघावी म्हणून. सारिकाने हेडफोन दिला. पाच मिनिटांत त्याचे दोन शब्द टाइप झाले.
"दादा, परत वाजवू का? का मीच बोलू हळूहळू?"
तिघी हसून लोटपोट. तो कानापर्यंत लाल. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना स्कूटरपाशी म्हणाला, "मीटरवर मी हटणार नाही." पाहू.

२५ नोव्हेंबर
बैठक दुपारी तीनला. मी रजेवर. तिघींतली एक कापणीला गेलेली, म्हणून तिच्या जागी बसले. पाऊण तासात एक रेकॉर्डिंग. सारिकाने नऊ चुका काढल्या. सगळ्या बरोबर.
४.५० परागचा मेसेज: कलम सातवर आलेत. मीटरचं विचारतायत.
नंतर काही नाही. फोन उपडा ठेवला, सुलटा केला, परत उपडा. सारिका एकदा हेडफोन काढून बघून गेली.
माझ्या एका खोक्यात काकूंनी लसूण भरलाय.
साडेसहा. चुलीपाशी परात वाजली. सारिका आतून, "आत्या, किती टाकताय?"
"सातांच्या टाकते. त्यो पराग येईल की सांगाया. काय बी झालेलं आसू दे, उपाशी आसंल पोरगं."