गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नात

प्रताप नगर, मंगळवार संध्याकाळ

"तिथं कोण आहे वं तुझं?" दर फोनवर मी रेवाला हेच विचारतो. कॅनडात स्वतःचं कपडे अल्टर करायचं दुकान, वर आठ महिन्यांची पोर. जावई सकाळीच कामावर जातात. काहून एवढा जीव काढून राहिली ही? दुकान बंद कर म्हटलं, तर हसली.

आज व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तिच्याकडे सकाळ होती. रेवा मशीनवर. नात बाजूच्या टोपलीत, कपड्यांवर झोपलेली, एका पायात मोजा नाही. तेवढ्यात एक म्हातारी गोरी बाई दुकानात आली आणि नात रडत उठली. रेवा जागची हलली नाही.

"बाबा, एवढी शिलाई होऊ द्या. मधात सोडली तर सगळं उसवावं लागते."

मग त्या बाईनंच पोरीला उचललं. मला रागच आला. गिऱ्हाइकाच्या हातात लेकरू? पण तिनं मोजा शोधून पायात चढवला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणाली, "उगी वं माय, उगी."

अगदी आमच्या हिच्यासारखं! ही माझ्या बाजूलाच बसली होती, तिनं पदर डोळ्याला लावला.

"मीच शिकवलं तिले," रेवा मान वर न करता म्हणाली. "रोज येते. काम नसलं तरी येते."

इथं सदर भागातल्या ऑफिसात अख्खी नोकरी काढली मी. असं माणूस जोडणं मला नाही जमलं.

मोजा पुन्हा गळून पडला. बाईनं पुन्हा चढवला.

फोन ठेवताना तो प्रश्न आज विचारला नाही.