आईच्या हातचं आर्टिचोक

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दादाचा पुण्याहून फोन. खोटं बोलले. "आई स्वैपाक करते का अजून?" म्हणाला. "करते की, सगळा तीच करते." फोन ठेवला आणि कुकर लावायला उठले. दिवाळीपासून स्वैपाक मीच करतेय.
त्यानं तिकडं एक जागा बघितलीय, विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. नर्स आहेत, बाग आहे, सगळं आहे म्हणे. दाराला बाहेरून कडी असते का, ते विचारायची हिंमत झाली नाही. २ मार्चला रविवारी येतोय. "आईच्या हातचं जेवीन. तिला जमत असंल तर राहू दे तुझ्याजवळ, मी एक शब्द बोलणार नाही. नसंल जमत तर विचार करू." विचार करू म्हणजे याचा करून झालेलाय.

१५ फेब्रु., शनि.
सकाळची शाळा. घरी आले तर शेजारच्या शबानाभाभी दारातच उभ्या. मी शाळेत असते तेव्हा आईपाशी त्याच बसतात. "बाजी, अम्मा फिर निकल गये थे. मैं दूध लेने गई, उत्ते में. रिक्षेवाला छोड के गया." रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या. उलट मीच त्यांना पाणी दिलं.
आई क्रांती चौकात गेली होती, खानावळ उघडायला. खानावळ बंद होऊन नऊ वर्षं झाली, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. दुकानदाराला म्हणाली, "माझी शेगडी कुठं टाकलीस रे भाड्या?" तीस वर्षं तिनं त्या खोलीत माणसं जेवू घातली, पोरांपासून कोर्टातल्या कारकुनांपर्यंत. मिठाचा अंदाज नुसत्या वासावरून.
हसू आलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ फेब्रु., मंगळ.
रंगीत तालीम घेतली. आईला म्हटलं, आज वरण तू कर. केलं. हळद दोनदा, मीठ तीनदा, शेवटी साखर. फोडणी मात्र अशी दिली की जिन्यात वास गेला. मी एक वाटी खाल्ली, उरलेलं मोरीत.
दादा या वरणावर वाढला. पहिल्याच घासाला ओळखंल. पिठलं, वांगं, धपाटे, सगळ्याचं तसंच. तिचं काय कसं लागतं हे आम्हा दोघांच्या जिभेला पाठ आहे, हीच पंचाईत.

२१ फेब्रु., शुक्र.
आज एक डोक्यात आलंय. लिहायलाही लाज वाटते.
गणिताच्या मोरे सरांचा भाऊ पाचोडला शेडनेटमध्ये हॉटेलवाल्यांसाठी परदेशी भाज्या लावतो. सरांनी शिक्षकखोलीत एक पिशवी आणली. "घ्या मॅडम, हॉटेलनं बारीक म्हणून परत केली. आर्टिचोक." हिरवी, खवल्याखवल्यांची, मुठीएवढी बोंडं. कुणी हात लावेना, शेवटी पिशवी मीच घरी आणली. याचं करतात काय, हे सरांनाही माहीत नाही, त्यांच्या भावालाही नाही. नुसतं पिकवतो.
मोबाइलवर बघितलं. एक बाई म्हणते, एकदम सोप्पं. शेंडा छाटा, उभं अर्धं कापा, मधली केसाळ लव चमच्यानं खरडून फेका (घशात अडकते, हे तीनदा म्हणाली), उकडा, वरून लसूण, तेल, पावाचा चुरा, चीज, आणि पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये. पानं दातानं ओढून खायची, बुडखा सगळ्यात गोड.
ह्याची चव आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या जिभेला लागलेली नाही. आईनं मीठ दोनदा घातलं तर हे असंच असतं म्हणायचं. चुकलं म्हणणार कोण?
सरांना सांगून टाकलं, १ तारखेला आठ आणा.

२३ फेब्रु., रवि.
आधी स्वतः करून बघितलं. वहिनीनं दिलेला ओव्हन पहिल्यांदा लावला. आई त्यात पापडाचे डबे ठेवते. ऑलिव्ह तेल कुठलं आमच्याकडं, करडीचं घातलं. झालं बरं. थोडं बटाट्यासारखं, थोडं कोवळ्या शेंगेसारखं.
आई ओट्याशी येऊन बोंड हातात घेऊन बघत बसली. "करडीची बोंडं एवढाली कुठली गं?" म्हटलं, करडी नाही, दुसरं हाय. "मला काय शिकवती? माझ्या बापाची चार एकर करडी व्हती. फुलं वेचताना पायात मोजे घालायचो, काटे लई." मग बापाचं, बैलाचं, विहिरीचं, सगळं सांगत बसली. तासभर एकदाही अडली नाही. मला वाटलं, जमंल. देवा, जमू दे.

१ मार्च, शनि.
बोंडं फ्रिजमध्ये. कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं: कापणे. लव काढणे. उकडणे. आईनं वाचलं आणि विचारलं, "कुनाची लव?"
बाकीचा स्वैपाक, वरणभात सगळा, पहाटे मीच करून ठेवणार आणि आईचा म्हणून वाढणार. बोंडं आईकडून माझ्या नजरेखाली कापून घ्यायची, आणि दादाच्या डोळ्यांदेखत तिनं फक्त ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. एवढंच. पन्नाशी उलटल्यावर ही नाटकं.

२ मार्च, रवि. संध्याकाळ
दादा गेला आत्ताच. आहे तसं लिहून काढते.
दहाला आला, एकटाच. आईनं बरोबर ओळखलं, "बाळू, वाळलास रे" म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. तो बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसला. मी आईला ओट्यापाशी स्टुलावर बसवलं, बोंडं आणि सुरी दिली, म्हटलं नुसती अर्धी कर, बाकी मी सांगते. आणि नेमका नळ आला! सात दिवसांनी. मोटर, टाकी, पिंप, बादल्या, पाऊण तास मी खाली-वर.
परत आले तर ओट्यावर पेपर पसरलेला, आईच्या हाताला तेल, आणि आठही बोंडं सोलून झालेली. केळफूल सोलतात तशी. केळफुलाची पानं टाकायची आणि आतले तुरे ठेवायचे, तसं तिनं पान न् पान काढून टाकलं, बुडखे टणक म्हणून छाटले, आणि मधली ती लव, फेकायची होती ती, निवडून ताकात भिजत घातली. हळद टाकून. कचरा कुठंय? "घंटागाडीत दिला की. तो पोऱ्या हाका मारत व्हता."
म्हणजे खायचं ते सगळं गेलं आणि फेकायचं ते वाडग्यात.
पण तिचा चेहरा. खानावळीत पन्नास माणसांची तयारी आटपून पदरानं कपाळ पुसायची ना, तशीच बसली होती. "जून हाय केळफूल, पर व्हईल चांगलं." दिवाळीनंतर पहिल्यांदा तिनं एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत केलं होतं. ते चुकलं म्हणून मी कसं सांगू? माझ्याच्यानं बोलवलं नाही. लव पिळली, लसूण, तेल, चुरा, दुप्पट चीज घातलं. दादाला हाक मारली. आईनं त्याच्यासमोर ट्रे आत सरकवला. वास छान सुटला, मेल्याचा.
दादानं घास घेतला. चावला. चावतच राहिला. पाणी प्यायला. दुसरा घास. "मस्त झालंय आई." तिसरा. डोळ्यांत पाणी आलेलं, गळ्याची घाटी खालीवर होतेय, पण हा बाबा खातोय.
मग आईनं घास घेतला. थांबली. दोन बोटांनी तोंडातून काढला, ताटाच्या कडेला ठेवला.
"कुनी केलं हे?"
मी भात वाढायला घेतला. दादा पुन्हा पाणी प्यायला.
"हे काय अन्न हाय? खानावळीत असं वाढलं असतं तर पोरं ताटावरून उठून गेली असती. कुनी केलं?"
तेव्हाच खरं सांगता आलं असतं. आई, तूच. तासाभरापूर्वी. सगळंच संपलं असतं, मीही सुटले असते. आणि ते तोंडात आलंही होतं, हे इथं तरी लिहिते.
"मी केलं," म्हटलं.
"तरीच. तुझ्या हाताला चव कधी नव्हतीच." मग तिनं मी पहाटे केलेलं वरण भातावर ओतून घेतलं, भुरकलं, आणि खूश झाली. "हे माझं. बघ बाळू, हे माझं."
"हो आई, हे तुझंच," दादा म्हणाला.
गाडीपाशी सोडायला गेले तर म्हणाला, "मंगे, कंपनीनं मला दीड वर्ष इटलीत ठेवलं होतं. तिथं हे ढिगानं असतं. ते केस खात नसतात."
मेले मी. इटलीचं माझ्या ध्यानातच नाही. विसरायचा रोग काय एकट्या आईलाच झालाय?
"मग खाल्लंस कशाला?"
"आईनं केलं होतं ना. तू खाली गेलीस तेव्हा मी दारात उभा होतो. तिचे हात बघत होतो. मलाही तिला थांबवावंसं वाटलं नाही."
तो गाडीत बसला, काच खाली केली. "वरण तू केलं होतंस. आई मोहरी जास्त घालते. तू दमलीयस मंगे, ते कशाला लपवतेस? जागा नऊ तारखेपर्यंत धरून ठेवायला सांगितलीय. तू म्हणशील तसं. मी काही म्हणणार नाही."

३ मार्च, सोम.
मी म्हणेन तसं! वा रे वा. मोठा भाऊ. त्यानं ओढून नेली असती तर शिव्या घालायला कुणीतरी असतं. आता मी कुणाला घालू?

५ मार्च, बुध.
आज आईवर ओरडले. शाळेचे पेपर तपासायला काढलेले, तिनं पाण्यात भिजवून वाळत घातले. दोरीवर, चिमटे लावून, ओळीनं. "तुला कळतं का काही?" म्हणून दंडाला धरून हलवलं. जोरात. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि "साहेब, चुकलं" म्हणाली. मला साहेब म्हणाली.
दंडावर बोटं उमटलीत. भाभींनी संध्याकाळी बघितली, मग माझ्याकडं बघितलं, खोबरेल आणून लावलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ मार्च, शुक्र.
दादाचा निरोप: "ठरलं का?" उत्तर दिलं नाही.
खरं सांगायचं तर मला झोप हवीय. कुणी मला विचारलं, तुला काय पाहिजे, तर आई बरी व्हावी असं मी म्हणणार नाही, सलग आठ तास झोप म्हणीन. आणि ती गेल्यावर या घरात मला झोप लागणार नाही, हेही माहितीये.
मोरे सर म्हणाले, आर्टिचोक संपत आलं, भाऊ पुढच्या वर्षी लावणार नाही. शेवटची दोन दिली. नको म्हणत असताना.

९ मार्च, रवि. दुपार
दोन बोंडं पडून होती, म्हणून केली. यावेळी आई खिडकीशी, ओट्याशी मी. शेंडे छाटले, अर्धी केली, लव खरडली, उकडली. लसूण, करडीचं तेल, चुरा, चीज. बाई म्हणते ते खरं, एकदम सोपं आहे. मांडून बसण्यासारखं काहीच नाही त्यात.
आईला पान दातानं ओढायला शिकवलं. कवळीनं जमेना, मग बुडखे कुस्करून दिले. चारही खाल्ले. बोटं चाटली.
"कुनी केलं?"
"मी."
माझ्याकडं नीट बघितलं तिनं. अगदी पहिल्यासारखं, खानावळीतल्या नव्या बाईची पोळी तव्यावर बघायची तसं.
"आता जमलं तुला. त्या दिवशी लई वंगाळ केलं व्हतं."
त्या दिवशीचं तिला आठवतंय! मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, आई, आणखी काय आठवतं त्या दिवशीचं?
"बाळू आला व्हता. मला कुठंतरी न्यायचं म्हनत व्हता, गाडीपाशी. मी खिडकीत व्हते." हात धुवायला उठली, नळाला पाणी नव्हतं, तशीच पदराला पुसले. "तुला जमलं, आता मी जायला मोकळी. माझी पिशवी कुठं ठेवलीस?"
म्हटलं, कुठं नाही जायचं, बस.
बसली नाही. कपाटातून दोन लुगडी काढली, पापडाचा एक डबा घेतला, चपला घालून दारापाशी स्टुलावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर. तेव्हापासून तिथंच बसलीय. मधून मधून विचारते, "कवा निघायचं गं?"
दादाचा फोन दोनदा वाजून गेला. आता तिसऱ्यांदा वाजतोय, आणि ती म्हणतेय, "उचल की, बाळू असंल."