हिरवी तार

हडपसर,
३ जुलै २०२५

ती. श्यामसुंदरकाका आणि मंदाकाकू यांना ऋतुजाचा वाकून नमस्कार.

काका, तुमचा आवाज गेल्यापासून फोन तुमच्या उपयोगाचा राहिला नाही आणि मोबाइलवर टाइप करणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. त्यामुळे टपालखातं आता आपल्या दोघांच्या जिवावर चाललंय.

कॉल सेंटर सोडून मी वायरमनचा कोर्स घेतला याचा आईला अजून धक्का बसलेलाच आहे. पण मला मजा येते आहे. लाकडी बोर्डावर आम्ही अख्ख्या घराचं वायरिंग करतो आणि रंगनाथ सर येऊन ते निर्दयपणे उपटून टाकतात. जोड सैल राहिला की तिथे उष्णता होते, उष्णता झाली की प्लास्टिक वितळतं, आणि लोक मात्र म्हणतात शॉर्टसर्किट झालं, असं ते रोज एकदा तरी सुनावतात. हिरव्या तारेवर त्यांचा विशेष जीव आहे. ती अर्थिंगची. रोजच्या व्यवहारात ती काहीच करत नाही, म्हणून तुटली तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि जिच्यावर जीव अवलंबून असतो ती नेमकी तीच, असं त्यांचं म्हणणं.

हे लिहिण्याचं कारण असं, की मागच्या रविवारी तुमच्या बाथरूमचा नळ सोडताना माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या. काकू हसून म्हणाली, की अगं, पावसाळ्यात आमचा नळ असाच लाडात येतो. मला हसू आलं नाही. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात, एकदा इमारतीचं अर्थिंग तपासून घ्याल का?

पुतणीचा आगाऊपणा पोटात घालून माया तशीच ठेवावी.

आपली,
ऋतुजा

•

सहकारनगर, पुणे ९
९ जुलै २०२५

चि. ऋतुजास आशीर्वाद, आणि तुझ्या रंगनाथ सरांना सहानुभूती.

पत्र पोचलं. महिनाभराच्या शिक्षणावर तू चाळीस वर्षं उभ्या असलेल्या इमारतीचं निदान केलंस, हे वाचून भरून आलं. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. दसऱ्याच्या सुमारास बिल्डरशी करार होईल आणि मग वायरिंगच काय, भिंतीही राहणार नाहीत. जी वस्तू पाडायची तिच्यावर खर्च करायला सभासद तयार होत नाहीत. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेवढेच या उन्हाळ्यात. काम मात्र नेटकं झालं आहे, आलीस की चालून बघ.

तरीही तुझ्या समाधानासाठी आपल्या घरात तो वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, आरसीसीबी, बसवून घेतला. आता तरी झोप घे.

बाकी ठीक. पंपाजवळ राहायची ती करडी मांजर परवा ओल्या फरशीवर मरून पडलेली सापडली. कोणीतरी उंदराचं औषध ठेवलं असणार. काकू दोन दिवस नीट जेवली नाही. माझ्या गळ्याचं स्कॅन पुढच्या महिन्यात आहे, काळजी करण्यासारखं काही नाही.

अभ्यास कर. उपदेश त्यानंतर कर, आम्ही ऐकू.

तुझा,
श्यामसुंदरकाका

•

हडपसर,
२४ जुलै २०२५

ती. काकांना नमस्कार. थट्टा पुरे असं आधीच सांगून लिहिते.

तुमचं पत्र मी रंगनाथ सरांना दाखवलं. मांजरीच्या ओळीशी ते थांबले आणि मांजर पंपाच्या लोखंडी पाइपला चिकटून पडली होती का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग त्यांनी फळ्यावर तुमची इमारत काढली.

काका, सगळ्या घरांतल्या हिरव्या तारा खाली मीटरपाशी एकत्र येतात आणि तिथून एक पट्टी जमिनीत जाते. ती पट्टी तुटली असेल, तर कोणाच्या तरी गीझरमध्ये गळलेली वीज जमिनीत जाऊ शकत नाही. ती हिरव्या तारांमधूनच उलटी चढते आणि प्रत्येकाच्या गीझरवर, फ्रिजवर, नळावर येऊन बसते. तुमचा नवा स्विच फक्त तुमच्या मीटरमधून आलेली वीज मोजतो. दुसऱ्याच्या घरातून आलेली त्याला दिसत नाही. तो वर तसाच चालू राहील आणि खाली नळाला हात लावलेला माणूस…

पुढचं वाक्य मला लिहवत नाही. आज झिणझिण्या आहेत कारण गळती थोडी आहे. ती थोडीच राहील असं कोणी सांगावं? कृपा करून परवानाधारक वायरमनला बोलवा. तोवर काकूला रबरी चप्पल घालून बाथरूममध्ये जायला सांगा. तीही खात्रीची नाही, पण घालू दे.

रागावा हवं तर, पण हे पत्र दोनदा वाचा.

ऋतुजा

•

सहकारनगर, पुणे ९
२ ऑगस्ट २०२५

चि. ऋतुजास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. सभेतही ठेवलं. एका सभासदाने विचारलं, की पुतणीला वायरच्या दुकानातून कमिशन मिळतं का. दुसरे म्हणाले, की अशी तक्रार कागदावर आली तर बिल्डर भाव पाडेल आणि चार वर्षांची खटपट पाण्यात जाईल. ते मलाही पटतं. करार झाला की भाड्याच्या घरात सगळे सुरक्षितच राहणार आहेत. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तू सरकारी कार्यालयात वगैरे काही लिहू नकोस. तू शिकाऊ आहेस आणि मी जबाबदार आहे, हा फरक लक्षात असू दे.

काल काकू बाथरूममध्ये पाय घसरून पडली. डावं मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलं आहे. तुझ्या त्या रबरी चपलेनेच घसरली असणार. धीराची आहे, तक्रार करत नाही. मीच भात लावतो, आणि तो कसा होतो हे विचारायचं नाही.

लोभ आहे, पण सध्या जरा आवरून धरला आहे.

श्यामसुंदरकाका

•

सहकारनगर,
४ ऑगस्ट

चि. ऋतू, तुला पोटभर आशीर्वाद.

फोनच केला असता, पण हे समोर बसलेले असतात. बोलता येत नाही, ऐकतात मात्र सगळं. म्हणून दूध आणायला जाताना हे पत्र पेटीत टाकते.

माझा पाय आधी घसरला नाही गं. बादली भरायला नळ धरला आणि हात सुटेचना. मूठ आपोआप घट्ट होत गेली. ओरडायचं होतं, पण जबडा मिटलेला. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, पानांचा आवाज मला येत होता. मग पायाखालचं पाणी निसरडं झालं, मी पडले आणि पडताना हात सुटला. घसरले म्हणून वाचले.

यांना सांगू नकोस. शनिवारी स्कॅन आहे, आधीच झोप नाही त्यांना. मी आता नळाला हात लावत नाही, वेताच्या काठीने सोडते. वरच्या मजल्यावरची अवनी आणि राजस बाळाला घेऊन नाशिकला गेलेत, एरवी ती मदतीला येते. आता आले की बरं वाटेल.

मनातलं तुला सांगितलं, मनातच ठेव.

तुझी,
मंदाकाकू

•

सहकारनगर, तुमच्याच स्वयंपाकघरातून
९ ऑगस्ट २०२५

ती. काका,

तुम्ही स्कॅनला गेला आहात आणि मी तुमच्या टेबलावर बसून लिहिते आहे. तुम्ही येईपर्यंत थांबत नाही, कारण समोर उभी राहिले तर तुम्ही पाटीवर दोन शब्द लिहून मला गप्प कराल. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता.

काकू घसरली नव्हती. नळाने तिला धरून ठेवलं होतं. तिने मला सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगते आहे, तिला जे वाटायचं ते वाटो.

सरांचा व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आले होते. स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जवळजवळ काहीच दिसायला नको. माझ्या हाताखाली काटा दोनशेच्या वर गेला. मीटर बिघडला असेल म्हणून खाली पंपाच्या पाइपवरही धरून पाहिला. तेच.

काकूला माझ्याबरोबर चल म्हटलं. ती म्हणाली, की रिपोर्ट घेऊन ते येतील तेव्हा घरात कोणी नको का? मी तिला खुर्चीवर बसवून ठेवलं आहे आणि आपल्या घराचा पुरवठा बंद केला आहे. त्याने काही होणार नाही हे मला माहीत आहे. अख्ख्या इमारतीचा मेन बंद करायला हवा आणि मीटर खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे.

विद्युत निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला आहे. सोमवारी स्वतः देणार. तुमची आज्ञा मोडते आहे.

ऋतुजा

•

सहकारनगर, पुणे ९
१४ ऑगस्ट २०२५

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद. स्कॅन स्वच्छ आहे, तो विषय संपला.

तुझं पत्र मी बूटही न काढता वाचलं. काकूकडे पाहिलं तर तिने मान दुसरीकडे फिरवली. मी खाली गेलो, मेन स्विच ओढला आणि मीटर खोलीला आमच्या कपाटाचं कुलूप लावलं.

संध्याकाळची वेळ. लिफ्ट, पंप, लोकांची ऑफिसची कामं, सगळं बंद. माणसं जमली. मी खडूने दारावर लिहिलं, वीज बंद, माणूस मरेल. एक सभासद म्हणाले, की गळ्यानंतर आता डोकंही गेलं वाटतं. कोणी किल्ली हिसकायला पुढे झालं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

तेवढ्यात राजसची गाडी आली. घाटात बाळाला उलट्या झालेल्या. ते पोर अंगभर बरबटलेलं आणि रडून लाल झालेलं. अवनीने ताबडतोब गरम पाणी हवं म्हणून सांगितलं, मी मानेनेच नकार दिला, आणि मग तिने मला जे ऐकवलं ते माझ्या आईनेही कधी ऐकवलं नव्हतं. शेवटी शेजारच्या इमारतीतून पाणी आणलं.

सकाळी परवानाधारक वायरमन आला. सगळ्यांना नळांपासून दूर उभं करून त्याने थोडा वेळ मेन चालू केला. राजसच्या घरचा गीझर जाताना चालूच राहिला होता. तो आतून जळून त्याची वीज थेट पत्र्यावर आली होती. गीझरला, शॉवरला, खालच्या नळाला, जिथे मीटर लावला तिथे पूर्ण दोनशे तीस. नळाखाली बाळाचा प्लास्टिकचा टब ठेवलेला होता. अवनी दारात उभी राहून त्या टबाकडे बघत होती. मग बाळ राजसकडे देऊन ती आमच्या घरी आली आणि काकू नको नको म्हणत असताना तिने पोळ्या केल्या. बोलली काही नाही. मीही बोललो नाही, पण त्यात माझं कौतुक नको.

दुपारी पार्किंग खणलं. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना जमिनीत जाणारी पट्टी आड येत होती. त्यांनी ती कापली, दोन्ही टोकं वाकवली आणि वर सिमेंट ओतलं. नवी बसेपर्यंत वीज बंद आहे. सभासदांनी माझा राजीनामा मागितला आणि मी तो दिला. बिल्डरचं काय व्हायचं ते होईल. तू अर्ज दिलास हे मला आवडलं नाही. पुन्हा द्यायची वेळ आली तर माझी सही घेऊन दे.

ती वेळ आलेली आहे. ब्लॉकवाल्याला फोन करायला राजसला बसवलं, तेव्हा तो माणूस सहज बोलून गेला, की याच गल्लीत त्याच उन्हाळ्यात त्यांनी आणखी तीन पार्किंगं केली. पट्टी आड आली असेल तर तिथेही कापली असेल, त्याला आठवत नाही. मी तिन्ही ठिकाणी लिहून घेऊन गेलो. एका सेक्रेटरीने वाचून फाइलला लावलं. दुसऱ्याने आमची इमारत नवी आहे म्हणून सांगितलं. तिसरीकडे वॉचमनने आतच सोडलं नाही.

मला पहाटेच जाग येते. आमच्याकडे अंधार असल्यामुळे त्या तिन्हींपैकी समोरची इमारत स्पष्ट दिसते. एकेका मजल्यावर बाथरूमचा दिवा लागतो, खिडकीतून वाफ येऊ लागते, आणि दिवा विझेपर्यंत मी गॅलरीचा कठडा सोडत नाही.

रविवारची वाट पाहू नकोस. हे पत्र टपालाने नाही, राजसच्या हाती पाठवतो आहे. मीटर घेऊन उद्याच ये, सरांनाही आण. काकूचा राग गेलेला आहे, माझी माया होती तिथेच आहे.

तुझा,
श्यामसुंदरकाका